चालू द्या

चक्कर आली ती बायकोला; गरगरायला लागले ते आवकसाहेब.

आवकसाहेब हे अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलाशी त्यांनी उभी हयात काढली. काढली बसूनच, पण भाषेपुढे इलाज नाही. बाहेरून कागद आला की शिक्का, नोंद आणि पुढच्या टेबलाकडे रवाना. कागदात काय लिहिलंय हे वाचण्याचा मोह त्यांना कधी झाला नाही. निवृत्तीनंतर टेबल सुटलं, नाव मात्र चिकटलं, आणि नावाबरोबर एक तत्त्वही चिकटलं: एकदा निघालेला आदेश, तो रद्द करणारा दुसरा आदेश निघेपर्यंत लागू. कचेरीत उंदरांसाठी पाळलेली मांजर मेली, तरी तिच्या दुधाची मंजुरी पुढे कित्येक वर्षं चालू होती. दूध कोण पीत होतं, हा प्रश्न आवकच्या टेबलाचा नव्हता.

बायको टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. इमारतीत सगळे तिला ऑपरेटरबाई म्हणत. कान असा तयार की नुसत्या ‘हॅलो’वरून बोलणारा उभा आहे की आडवा, हे बाई सांगायच्या. जिभेबद्दल तर बोलायलाच नको. आवकसाहेबांच्या संसारात बोलण्याची आवक सगळी त्यांच्याकडे आणि जावक सगळी बाईंकडून, अशी वाटणी लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच होऊन गेली होती, आणि ती दोघांनाही मानवली होती.

तर एके सकाळी बाई खाली पडलेला टॉवेल उचलायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

“अहो, जरा भिंत धरा.”

“भिंतीला काय झालं?”

“भिंतीला काही नाही. ती जागेवर आहे ना, तेवढं बघा. मला फिरताना दिसतेय.”

आवकसाहेबांनी आधी भिंत तपासली, मग बायकोला धरलं. हा क्रम बाईंनी पुढे महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवला.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी कानात बघितलं, डोळ्यांसमोर बोट फिरवलं, आणि म्हणाले, “काही घाबरायचं नाही. वय झालं की होतं असं. पाच दिवस ही पिवळी गोळी आणि पूर्ण आराम. पलंगावरून उठू देऊ नका. मग बघू.”

पाच दिवस आवकसाहेबांनी बायकोला पलंगावरून पाय खाली टाकू दिला नाही. बाईंनी त्यांना जेलर, वॉर्डन आणि इतर काही पदव्या दिल्या. आवकसाहेबांनी त्या मुकाट्याने स्वीकारल्या. चक्कर थांबली. सहाव्या दिवशी दोघं परत दवाखान्यात गेली. दवाखाना तुडुंब. बाई बाकावर बसल्या आणि आवकसाहेबांनी आतल्या दारात अर्धं डोकं घालून विचारलं, “डॉक्टर, चक्कर थांबली. आता पुढे काय?”

डॉक्टर पडद्यामागे एका रडणाऱ्या मुलाच्या घशात बघत होते. तिथूनच ओरडले, “चालू द्या, चालू द्या! काही होत नाही!”

झालं. आदेश निघाला.

त्याच दुपारी आवकसाहेबांनी माळ्यावरची टपालाच्या लाकडी कप्प्यांची फळी काढली. कचेरी नव्या इमारतीत गेली तेव्हा मोडीत निघालेली ही फळी त्यांनी मायेपोटी घरी आणली होती. प्रत्येक कप्प्यावर वार लिहिला आणि नव्या आणलेल्या पिवळ्या गोळ्या भरल्या. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

“मला टपाल समजलात का?”

“शिस्त हवी, अगं. औषध वेळेवर गेलं पाहिजे.”

“जाईल हो. कपाळावर शिक्का तेवढा मारू नका म्हणजे झालं.”

आणि खरोखर, पुढे एकही गोळी चुकली नाही. चुकली असती, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सगळ्यांचं भलं झालं असतं. पण जगात बेशिस्त माणसांची जी चंगळ होते, तिच्यात शिस्तीच्या माणसाचा वाटा नसतो.

काही महिने गेले. बाई हळू चालायला लागल्या. मग हळू बोलायला लागल्या. मग कमी बोलायला लागल्या. खरं सांगायचं तर सुरुवातीला आवकसाहेबांनी हे जमेच्या बाजूला धरलं. सकाळचं वर्तमानपत्र सलग वाचून होऊ लागलं. चार टोमणे खाऊन मिळणारा चहा एका टोमण्यात मिळू लागला, पुढे बिनटोमण्याचा मिळू लागला, आणि मग तो बशीत सांडलेला मिळू लागला. बाईंचा हात थरथरत होता. चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट झाला होता. हसू आलं तरी चेहऱ्यापर्यंत पोचत नव्हतं.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त विमा एजंट राहायचे. इमारतीत त्यांना विमावाले म्हणत. माणूस कशाने मरतो याचा अभ्यास त्यांनी डॉक्टरांपेक्षा बारकाईने केला होता, कारण डॉक्टरांना फी आधी मिळते. विमावाल्यांना कारण सिद्ध करावं लागतं. ते जिना चढून, दम खात खात आले, बाईंना चालताना बघितलं आणि आवकसाहेबांना गॅलरीत घेऊन गेले.

“कंपवात आहे.”

“काय सांगता!”

“शंभर टक्के. माझ्या एका ग्राहकाला असंच झालं होतं. नसांच्या डॉक्टरांना दाखवा. माझं नाव सांगा.”

“तुम्हाला ओळखतात?”

“मी त्यांना ओळखतो.”

नसांच्या डॉक्टरांनी छोटी हातोडी गुडघ्यावर मारली, बाईंना खोलीत चालवून बघितलं, आणि थरथरीसाठी पांढरी गोळी लिहिली.

“आणखी काही औषध चालू आहे?”

“पिवळी आहे. चकरेची.”

“ती कोणी दिली?”

“आमच्या डॉक्टरांनी.”

“मग ती चालू राहू द्या. दुसऱ्यांच्या औषधात मी हात घालत नाही.”

सभ्य माणसं अशीच असतात. दुसऱ्याच्या ताटात, दुसऱ्याच्या घरात आणि दुसऱ्याच्या औषधात हात घालत नाहीत. पुढच्या साऱ्या प्रकरणात आवकसाहेबांना एकही असभ्य डॉक्टर भेटला नाही, हे त्यांचं दुर्दैव.

पांढरी चालू झाली आणि थरथर कमी झाली. तोंड मात्र सुकायला लागलं, पोट साफ होईना, म्हणून दोघं पोटाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी एक पावडर आणि एक कॅप्सूल दिली आणि म्हणाले, बाकीचं चालू ठेवा. मग बाई विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग गॅस, मग वार. एकदा लेकीचा फोन आला. ती परगावी असते. बाईंनी फोन उचलला, बराच वेळ ऐकलं आणि आवकसाहेबांच्या हातात रिसीव्हर देत म्हणाल्या, “कोणीतरी बाई आहे. रडतेय.”

ज्या बाईंनी आयुष्यभर हजारो आवाज वेगळे काढले, त्यांना पोटच्या पोरीचा आवाज लागला नाही. लेक म्हणाली, “बाबा, आईला काहीतरी होतंय. मोठ्या डॉक्टरांना दाखवा.” आवकसाहेबांनी दाखवलं. स्मरणशक्तीची गोळी चालू झाली. तिने बाईंना दर तासाला लघवीला जावं लागायचं, कधी तेवढाही वेळ मिळायचा नाही. म्हणून मूत्रविकाराच्या डॉक्टरांनी गुलाबी गोळी दिली. उठबस करून झोपेचं खोबरं झालं, म्हणून झोपेची निळी आली. कप्प्यांची फळी अपुरी पडली. आवकसाहेबांनी सुताराला बोलावून तिला एक मजला चढवून घेतला.

इमारतीत त्यांचा लौकिक वाढला. बायका आपापल्या नवऱ्यांना जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, “नवरा असावा तर असा.” ज्येष्ठांच्या मंडळाने तर त्यांना ‘औषधांची शिस्त’ या विषयावर भाषणालाच बोलावलं. आवकसाहेबांनी जन्मात भाषण केलं नव्हतं. कोट धुऊन आणला. फळी टॅक्सीत घालून सभागृहात नेली आणि टेबलावर उभी केली. बाईंना पहिल्या रांगेत, मधोमध बसवलं.

भाषण रंगलं. औषध म्हणजे आदेश, आदेशाला अपवाद नाही, वगैरे वगैरे. “माझ्या पत्नीची एकही गोळी आजतागायत चुकलेली नाही,” असं म्हणून त्यांनी बाईंकडे हात केला. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या आणि त्या शांततेत बाईंनी शेजारणीला मोठ्याने विचारलं, “हा माणूस कोण आहे हो? मघापासून बोलतोय.”

सभागृह हसून लोटपोट झालं. ऑपरेटरबाईंची जीभ सगळ्यांना माहीत होती. “याला म्हणतात फिरकी!” अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले. आवकसाहेबही हसले. हसताना त्यांनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती, कारण त्या सभागृहात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं की बाईंनी विनोद केलेला नाही.

परत येताना टॅक्सीत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. आवकसाहेबांनी गळ घातली, “अगं, मला काहीतरी बोल. भाषणात चुका काढ. कोटाला नावं ठेव.” बाई वळल्या, कोटाकडे बघितलं, आणि नम्रपणे म्हणाल्या, “छान आहे.”

लग्नानंतर बाईंनी त्यांच्या कुठल्याही गोष्टीला छान म्हणण्याची ही पहिलीच वेळ. ही बाई त्यांची नव्हती. त्यांची बाई कुठेतरी अडकून पडली होती, आणि ती परत यायला हवी होती; मग दिवसातून दहादा पाणउतारा झाला तरी बेहत्तर.

दुसऱ्या दिवशी फळीसमोर उभं राहून त्यांनी ठरवलं: एक गोळी कमी करायची. फार नाही. एकच.

आता कोणाला वाटेल, गोळी कमी करायची म्हणजे काय, नाही द्यायची. पण ज्याने मेलेल्या मांजरीचं दूध थांबवलं नाही, तो माणूस हे असं परस्पर करणार नव्हता. रद्द करणारा आदेश हवा. तो आणायला आवकसाहेब बाहेर पडले.

नसांचे डॉक्टर म्हणाले, “पांढरी बंद केली तर थरथर परत येईल. स्मरणशक्तीची माझी नाही.” स्मरणशक्तीचे डॉक्टर म्हणाले, “माझी बंद केली तर आहे तेही विसरतील. गुलाबीबद्दल तिकडे विचारा.” गुलाबीवाले म्हणाले, “बंद करतो, पण मग पलंग ओला झाला तर माझ्याकडे येऊ नका.” निळीचे डॉक्टर परदेशी गेले होते, त्यांच्या जागी बसलेले म्हणाले, “मी फक्त सांभाळतोय. ज्यांनी चालू केली, त्यांनीच बंद करायची.”

ही भाषा आवकसाहेबांना चांगली समजत होती. ती त्यांचीच होती. फक्त टेबलाच्या या बाजूने ती इतकी वाईट ऐकू येते, हे त्यांना माहीत नव्हतं.

शेवटी ते पहिल्या, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. दवाखान्याच्या जागी चष्म्याचं दुकान होतं. डॉक्टर गाव सोडून मुलाकडे राहायला गेले होते. दुकानदाराने त्यांना खुर्चीत बसवलं, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, आणि ते डोळ्यांत नवा नंबर घेऊन घरी आले. बंद करण्याचा आदेश काही मिळाला नाही.

विमावाले जिन्यातच भेटले. सगळं ऐकून घेतलं. “बंद करण्याच्या फंदात पडू नका. माझ्या एका ग्राहकाने बंद केलं.”

“मग?”

“वारसांना पैसे मी स्वतः नेऊन दिले.”

आवकसाहेब जिना चढायला लागले.

“आणि हो,” विमावाले म्हणाले, “वहिनी परवा गॅलरीत झोकांड्या खात होत्या. चक्कर परत आलीय. पिवळी एकदाच देता ना? दोनदा करा.”

गेले होते एक कमी करायला, आले एक वाढवून. आदेश कोणाचाही असो, आवक झाली की नोंद करायची.

बाई पडल्या त्या भर दुपारी. आवकसाहेब औषधाच्या दुकानातून परतत होते. घरात फोन वाजला. गोळ्यांच्या चिखलात रुतलेल्या त्या डोक्यात फोनची घंटा मात्र कुठेतरी अजून लागत असावी, कारण बाई एकदम, पूर्वीसारख्या ताडकन उठल्या. तीन पावलं गेल्या असतील. फोन चुकीच्या नंबराचा होता, असं नंतर कळलं. म्हणजे उचलला असता तरी उपयोग नव्हता.

खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं आणि बाई वॉर्डात कॉटवर पडून छताशी बोलायला लागल्या. म्हाताऱ्या माणसांचं बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. तोंडाने फटकळ. “घरी काय काय देता? सगळं घेऊन या. सगळं म्हणजे सगळं.”

आवकसाहेब फळीच घेऊन आले. हॉस्पिटलच्या वॉचमनने ती अडवली. फर्निचर आत नेता येणार नाही म्हणाला. “फर्निचर नाही, औषध आहे,” यावर बरीच बाचाबाची होऊन अखेर फळी कॉटच्या पायथ्याशी पोचली. एवढ्या दुःखातही तिच्याकडे बघताना आवकसाहेबांची मान थोडी ताठ झाली. नीटनेटकेपणा तर होता ना.

डॉक्टरीणबाईंनी फळीकडे नुसतं बघितलं. मग एक गोळी उचलली.

“ही निळी कशासाठी?”

“झोपेची. सारखी उठायची ना.”

“का उठायच्या?”

“लघवीला. स्मरणशक्तीची चालू केल्यापासून. त्यासाठी ही गुलाबी.”

“एकीने दार उघडायचं, दुसरीने लावायचं. बरं, स्मरणशक्तीची का?”

“विसरायला लागली होती. ती पांढरी चालू झाली, त्यानंतर.”

“आणि पांढरी?”

“थरथरीची. पिवळी चालू केल्यावर काही महिन्यांनी हात थरथरायला लागला. पण पिवळीने चक्कर पूर्ण थांबली हो!”

“आता येत नाही?”

“येते ना. म्हणून तर पिवळी दोनदा...”

इथे आवकसाहेब थांबले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी आलेला कागद वाचला होता.

डॉक्टरीणबाईंनी गोळी परत कप्प्यात ठेवली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आजोबा, नक्की काय ते गोळ्या अंगातून उतरल्यावर कळेल. पण मला वाटतं, यांना आजार एकच होता. आणि तो पाच दिवसांत बरा झाला होता.”

“डॉक्टरांनीच सांगितलं होतं, चालू द्या.”

“मी सांगते, बंद. काही आजपासून, काही हळूहळू. ही निळी एकदम तोडायची नाही, ती उतरवत न्यायची. मी सांगेन तसं.”

“लेखी मिळेल?” आवकसाहेबांनी विचारलं. विचारताना त्यांना रडू फुटलं, त्यामुळे डॉक्टरीणबाई रागवायच्या राहिल्या.

बाई घरी आल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. चार माणसांनी खुर्चीत बसवून वर आणलं, आणि वर आणलं ते आणलंच. हाड जुळलं, पण नीट जुळलं नाही. वॉकरच्या लोखंडी चौकटीच्या आधाराने पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाता येई. जिना मात्र आता गॅलरीतून बघायचा होता. गोळ्या मात्र उतरत गेल्या. आधी थरथर गेली. मग चेहऱ्यावरची इस्त्री मोडली, सुरकुत्या पूर्वीच्या जागी परत आल्या. आणि एके दुपारी दारावर टकटक झाली. बाहेरून विमावाल्यांचा आवाज आला, “आहात का घरात?”

“विमावाले,” पलंगावरून बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, “जिन्यातच दम खाऊन येत जा. दाराला कशाला ऐकवता?”

आवकसाहेब स्वयंपाकघरात होते. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं, नळ सोडला, आणि पाण्याच्या आवाजाआड बराच वेळ तोंड धूत राहिले.

पुढचे काही दिवस सुखाचे गेले. बाईंनी चहाला नावं ठेवली. पडद्यांना, कोटाला, त्यांच्या घोरण्याला, चष्म्याच्या नव्या नंबराला नावं ठेवली. आवकसाहेब प्रत्येक टोमणा पावती मिळाल्यासारखा घेत होते. मग एका दुपारी, उशीला टेकून बसलेल्या असताना, बाई म्हणाल्या, “अहो, ते पहिले डॉक्टर काय म्हणाले होते हो?”

“चालू द्या म्हणाले होते.”

“कोणाला?”

“कोणाला म्हणजे? गोळीला.”

“गोळीला पाय असतात?” बाई म्हणाल्या. “अहो, मला चालू द्या म्हणाले ते. पाच दिवस पलंगाला खिळवून ठेवलं होतंत ना. आता चालू द्या त्यांना, हिंडूफिरू द्या. मी बाकावर बसून ऐकलं. घरी येताना वाटेत सांगायला लागले, तर म्हणालात, बोलू नकोस, चक्कर येईल.”

पलंगाशेजारी उभ्या असलेल्या लोखंडी चौकटीकडे आवकसाहेबांनी बघितलं आणि नजर काढून घेतली. पण आता जीभ परत मिळालेल्या बाईंना थांबणं ठाऊक नव्हतं. त्या हसत होत्या.

“तुम्ही फळी भरलीत, तेव्हाच ताईला फोन केला होता मी. म्हटलं, माझा नवरा आता मला जन्मभर गोळ्या चारणार. अशी हसली! म्हणाली, चोरून थुंकून टाकत जा. तिचं ऐकायला हवं होतं. लावा बरं तिला फोन. कितीतरी दिवसांत बोलणं नाही.”

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. ती आदल्या थंडीत वारली होती. बाईंच्या पाच गोळ्या चालू होत्या, त्या काळात. हे सांगायचं राहून गेलं नव्हतं. बाईंना दोनदा सांगितलं होतं. लेकीने गाडीने सगळ्यांना नेलंही होतं.

“आत्ता दुपारी झोपली असेल,” आवकसाहेब म्हणाले.

“ताई? दुपारी?”

आवकसाहेबांनी पाण्याचा पेला सरळ केला. तो सरळच होता.

“अहो.”

मग त्यांनी सांगितलं. थोडक्यात, कधी आणि कशाने, एवढंच. बाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, उतरायचं विसरल्यासारखं. खाली कोणाची तरी मोटार सुरू होत नव्हती. तिची घरघर मधूनमधून ऐकू येत होती.

“आणि मला नेलं नाहीत?”

“नेलं होतं. होतीस तू तिथे.”

“मी होते?” बाईंनी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर काही नव्हतं. “मग मी रडले असेन.”

नोंदीत खाडाखोड हा आवकसाहेबांच्या लेखी खुनापेक्षा मोठा गुन्हा. उभ्या नोकरीत त्यांनी एक अक्षर गिरवून दुरुस्त केलं नव्हतं. ते म्हणाले, “खूप रडलीस. आवरत नव्हतीस. शेवटी लेकीने तुला बाहेर नेलं.”

बाईंनी डोळे मिटले. हेडफोन कानावर असताना, दूरच्या खरखरत्या लाइनवरचं बोलणं पकडायला त्या मिटायच्या, तसे.

“परत म्हणा.”

“खूप रडलीस.”

“तुमचा आवाज खाली बसतोय,” बाई म्हणाल्या. “खरं काय ते सांगा.”

दार वाजलं. विमावाले असावेत; जिन्यात दम खाऊन आले होते, कारण श्वास ऐकू येत नव्हता. आवकसाहेब उठले नाहीत. त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. दार आणखी एकदा वाजलं आणि मग पावलं खाली उतरत गेली.

“सकाळी निघालो,” ते म्हणाले. “गाडीत बसताना तू विचारलंस, कोणाकडे चाललोय. लेक म्हणाली, मावशीकडे. तू म्हणालीस, कोण मावशी?”

बाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. त्यांनी ते पुसलं नाही.

“पुढे,” त्या म्हणाल्या.